वैशाखातलं इरलं

पोशीरच्या चंद्रभागेनं मुलासाठी किती देवांना नवस केले होते ते तिचं तिलाच आठवत नसे. शेवटी मुलगा झाला, त्याचं नाव नवशा ठेवलं. पण सुईणीनं पोर वर उचललं आणि घरातली माणसं दिवा जवळ धरून बघू लागली. पोराचे केस पांढरे, भुवया पांढऱ्या, कातडी अशी पातळ की आतल्या शिरा दिसाव्यात. सुईण म्हणाली, "बाय गं, ह्ये तर गोऱ्या सायबाचं पोर!" थट्टाच ती, पण असल्या थट्टेला जाळायचंय काय? बाप सोमा रंगानं तव्याच्या बुडासारखा. त्यानं पोराला पोटाशी धरलं आणि म्हणाला, "भुरा तर भुरा. माझा हाय." पुढं छप्पन साली सगळ्या वस्तीनं धम्म घेतला, घरातले देव गेले, नवसही गेले. नाव तेवढं राहिलं.

भुरेपणाचं काही नव्हतं हो, माणूस काय रंगानं जेवतो? पण नवशाला ऊन सोसत नसे. अर्धा तास उन्हात गेला की अंगाची लाही लाही, तासाभरात फोड. उन्हानं डोळेही मिटायचे. म्हणून चंद्रभागा दिवसभर त्याच्यावर डोळा ठेवून असायची. पोरानं उंबऱ्याबाहेर पाय टाकला की तिची हाक आलीच, "आत ये रं, ऊन हाय!" ती हाक वस्तीत इतकी पाठ झाली होती की दुसरी पोरं खेळतानासुद्धा तिची नक्कल करायची. शाळा सकाळची होती म्हणून सातवीपर्यंत शिकला. पुस्तक नाकाला लावून वाचायचा, पण वाचायचा झरझर.

पुढं काय? शेतावर नेईना कुणी, वीटभट्टीवर नेईना. सोमा वारला. नवशा घराच्या अंधारात बसून बांबूच्या कामट्यांची इरली विणायचा. पावसात भाताची आवणी करताना बाया डोक्यापासून पाठीपर्यंत पांघरतात, ती इरली. हात मोठा नेटका होता त्याचा. पण इरली विकली जाणार पावसाच्या तोंडावर, आणि उरलेलं वर्षभर घर चालायचं ते म्हाताऱ्या आईच्या मजुरीवर. चोवीस वर्षांचा बाप्या सावलीत बसून आईच्या घामाचं खातोय, हे त्याला घासागणिक टोचत असे.

अडुसष्ट सालच्या एप्रिलात बातमी आली की बाजारातल्या पोस्टाचा टपालवाला रामभाऊ गुडघे गेले म्हणून काम सोडतोय. नवशानं कुणाला विचारलं नाही. दिवेलागणीला बाजार गाठला आणि पोस्टमास्तर दिघ्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. दिघे मास्तर म्हणजे नियमाला पक्के. स्वतःच्या सासऱ्याला तिकीट चिकटवल्याशिवाय पत्र टाकू दिलं नाही, असा माणूस.

"तुला अक्षर दिसतं का रे?" मास्तरांनी एक पाकीट पुढं केलं.

नवशानं पाकीट नाकाला लावलं आणि पत्ता घडाघडा वाचून दाखवला. "दिसतं, मास्तर. जरा वास घ्यायला लागतो, येवढंच."

मास्तरांना हसू आलं असावं, पण त्यांनी मिशीआड ठेवलं. "आठ गावं, सहा कोसांचा फेरा. सकाळी निघायचं, शेवटचं गाव तुझं पोशीर. महिनाभर बदली म्हणून चालव. एक दिवस खाडा झाला की संपलं. अखेरीला साहेब तपासणीला येतील. त्यांनी लिहिलं तर कायम, नाहीतर इरली वीण."

"मे म्हैनाच का, मास्तर?"

"रामभाऊ एप्रिलअखेर जातोय. तुझ्यासाठी पंचांग बदलू की काय?"

वस्तीत कळलं तसा सल्ल्यांचा पूर आला. आणि आपल्याकडे सल्ला एकच. ताप असो, लचक असो, डोकेदुखी असो, खोबरेल चोपडा! "थंड असतं त्ये. अंगभर तेल लाव आणि बिनघोर जा." चंद्रभागेनं दिवाळीच्या अंघोळीला माखावं तसं लेकाला शेंडीपासून टाचेपर्यंत माखलं. पहिल्या मेला नवशा चकाकत निघाला आणि दुपारी परत आला तो पापडासारखा तळून. हात, नाक, कान, सगळीकडे फोड. उन्हात तेल लावून जाणं म्हणजे कढईत आपणहून उतरणं, हे इतक्या शहाण्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

तिन्हीसांजेला तो ओल्या धडप्यावर पालथा पडला होता. चंद्रभागा वारा घालत होती आणि रडत होती. "बस झालं. उद्या नाय जायाचं."

"खाडा झाला की संपलं, आये."

"मग संपू दे! माझा एकुलता एक हायेस तू."

"चोवीस वरसं सावलीत ठेवलंस," नवशा म्हणाला. आवाज चढवला नव्हता त्यानं, पण ते शब्द तिच्या जिव्हारी लागले. "सावलीत भातसुदिक पोसत नाय गं. मी कसा पोसणार?"

चंद्रभागा रात्रभर वारा घालत बसली. पहाटे घागर घेऊन तळ्यावर गेली, तर शेजाऱ्याची भुरी म्हैस एव्हापासूनच चिखलात लोळत पडलेली. म्हैस भुरी, मुलगा भुरा. चंद्रभागा घागर ठेवून बघतच राहिली. काळ्या म्हशी गोठ्याजवळ रवंथ करत होत्या आणि ही एकटी अंगाला चिखलाचा लेप देत होती. "मेली शाळंत गेली नाय तरी हिला कळतं," ती स्वतःशी म्हणाली, "आणि आमी माणसं तेल चोपडतो!" घागरभर चिखल घेऊनच ती घरी आली.

चिखलानं काम केलं. जिथं चिखल होता तिथं नवा फोड आला नाही. पण घाम आला की चिखल ओघळे, वाळला की त्याचे पोपडे पडत. आणि पत्रांवर बोटं उठली ती वेगळीच. दिघे मास्तर कडाडले, "पत्रं वाटायला सांगितली होती, सारवायला नव्हे! उद्या एका पाकिटावर डाग दिसला तर परवा येऊ नकोस."

चंद्रभागेनं हार खाल्ली नाही. दवाखान्यातला कंपाउंडर काळूराम नात्यातला होता. तिनं त्याला गाठलं आणि म्हशीपासून मास्तरांपर्यंत सगळी हकीकत सांगितली. काळूराम डोकं खाजवत आत गेला आणि पांढऱ्या पुडीची बरणी घेऊन आला.

"मावशी, ही झिंकची पूड. एरंडेलात कालवून तान्ह्या पोरांच्या बुडाला लावतात. लघवीनं कातडी सोलते ना, ती झाकायला. पाण्यानं लौकर निघत नाय. उन्हाला चालंल का, मला काय ठावं? पण चिखल झाकतो तर ह्ये का झाकणार नाय?"

बुडाचं औषध तोंडाला! पण चंद्रभागेला कसली लाज? तिनं पाट्यावर पूड घोटली, एरंडेल घालून लोण्याएवढी मऊ केली, आणि तिसऱ्या दिवशी लेकाच्या तोंडावर, कानांवर, हातांवर, पावलांवर जाडसर थापली. पत्राला हात लावण्याआधी बोटं आणि नाक पुसायला एक फडकं त्याच्या कमरेला खोचलं. पूर्ण बाह्यांचा बापाचा सदरा चढवला. जत्रेत घेतलेला काळा चष्मा होता, तो डोळ्यांवर आला. आणि नवशानं आढ्याला टांगलेलं स्वतः विणलेलं इरलं काढून डोक्यावर घेतलं.

वैशाखात इरलं! आभाळात ढगाचं बोट नाही, माळावर धूळ उडतेय, आणि हा पठ्ठ्या इरलं पांघरून, पांढऱ्याफेक तोंडाचा, काळा चष्मा लावून, खांद्यावर टपालाची थैली घेऊन बांधावरून चाललाय. कुत्री भुंकून भुंकून थकली. माळापलीकडच्या वाडीत विठाबाई अंगणात तांदूळ पाखडत होती. तिनं वर पाहिलं आणि खदखदून हसली.

"शिमगा सरून दोन म्हैने झाले की रं! आता कसलं सोंग आणलंस?" आणि रीतीप्रमाणं सोंगाला द्यायचे म्हणून सुपातले ओंजळभर तांदूळ घेऊन पुढं आली.

"सोंग नाय, मावशे. टपाल हाय. तुझ्या लेकाचं पत्र आलंय भिवंडीहून."

विठाबाईचा हात तिथंच राहिला. दोन महिन्यांत लेकाची खबर नव्हती. "वाच रं, वाच," ती म्हणाली आणि ओंजळ तशीच धरून खाली बसली. नवशानं पत्र नाकाला लावून वाचलं. लेक खुशाल होता. तांदूळ विठाबाईनं नवशाच्या धोतराच्या सोग्यात ओतलेच. म्हणाली, "सोंगाचे नाय, गोड बातमीचे."

त्या दिवशी घरी आल्यावर चंद्रभागेनं त्याला उजेडाला उभं करून अंग अंग तपासलं. एक फोड नव्हता! फक्त मानेच्या मागं, इरलं आणि सदरा यांच्यामधली चार बोटं जागा लालभडक झाली होती. तिथं लावायचं ती विसरली होती. तेव्हापासून रोज सकाळी तिचा एकच प्रश्न, "मानंला लावलंस का?"

लोक हसले नाहीत असं नाही. हसणाऱ्यांना काय, बसल्या जागी फुकटात करमणूक. सहाव्या दिवशी एका गावात पोरांनी "बुडाचं मलम, बुडाचं मलम" असा गिल्ला केला, तेव्हा नवशानं वेशीवर तोंड पुसून टाकलं. घरी येईपर्यंत नाक सोललं होतं. त्यानंतर मात्र त्यानं ठरवलं की हसू दे लेकाचे. हसून त्यांचे दात दिसतील, आपली कातडी तर राहील. पुढं पुढं लोकच त्याची वाट बघू लागले. लांबून इरलं दिसलं की "आलं गं टपाल" म्हणून बाया दारात येत. रामभाऊच्या वेळी चष्मा लावूनही टपालवाला दिसत नसे, हा अर्ध्या कोसावरून दिसायचा!

महिना सरत आला. खाडा एकही नाही. तिसाव्या दिवशी साहेब आले. गोरेपान, नाकेले, परीटघडीच्या कपड्यातले. टोपी नव्हती, पण केसांना आणि तोंडाला खोबरेल भरपूर. उन्हातून जायचं म्हणून घरून खास चोपडून पाठवलं होतं. नवशाला नखशिखान्त न्याहाळून ते मास्तरांना म्हणाले, "हे काय ध्यान? सरकारी टपाल असं वाटतात? मी स्वतः याच्याबरोबर फेरा करणार."

"साहेब," नवशा चाचरत म्हणाला, "त्ये तेल तेवढं पुसा. उन्हात भाजतं. आणि डोईला कायतरी घ्या."

"मला शिकवतोस?"

दिघे मास्तरांनी खिडकीतून दुसरीकडे पाहिलं. तोंडातून शब्द गेला, आता नोकरीही गेलीच, असं नवशाला वाटलं.

चार गावं झाली तोवर साहेबांचं नाक लाल झालं होतं. माळाला लागले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. झाड नाही, झुडूप नाही, खाली जमीन तापलेली. साहेबांची मान, कान, कपाळ, सगळं पेटलं. माळाच्या मध्यावर करंजाचं एकच झाड आहे, तिथं पोचताच ते मटकन बसले. "आग होतेय रे," म्हणाले. आता आवाजात साहेबपणा नव्हता.

नवशानं फिरकीच्या तांब्यातलं पाणी त्यांच्या हातावर ओतलं. त्यांनी तोंड धुतलं, धडप्यानं तेल पुसलं. मग नवशानं कमरेची मलमाची डबी काढली, झाकण उघडलं आणि थबकला. साहेब उच्च घरातले. आपण पोशीरच्या वस्तीतले. बोट लावायचं ते त्यांच्या तोंडाला. सांगायला कुणी यावं लागत नाही, असल्या गोष्टी अंगात मुरलेल्या असतात, दोघांच्याही. साहेबांनी डबीकडं पाहिलं. मग नवशाच्या हातांकडं पाहिलं. महिनाभर या उन्हात हिंडलेल्या त्या हातांवर एक फोडसुद्धा नव्हता.

साहेबांनी डोळे मिटले आणि तोंड पुढं केलं. "लाव," म्हणाले.

नवशानं लावलं. कपाळाला, नाकाला, कानांना. आणि आईची आठवण होऊन मानेच्या मागंही.

वाडीत विठाबाईनं बघितलं तर काय! एका इरल्याखाली दोघं, दोघांची तोंडं पांढरी. "अगो बाई गं," ती ओरडली, "आज सोंगांची जोडी आली!" सगळी वाडी गोळा झाली. साहेब रागावतील म्हणून नवशा मेल्याहून मेला झाला. पण साहेबांनी तिच्या हातचं गार ताक घटाघटा प्यायलं, मलमाचं पांढरं आणि ताकाचं पांढरं एक झालं, आणि मग त्यांनाच हसू फुटलं.

जाताना मात्र ते होय नाही काही बोलले नाहीत. वहीत काहीतरी लिहिलं आणि गाडी पकडली. तोंड पुसायचं तसंच राहून गेलं होतं म्हणे.

आठ दिवस गेले. नवशा बदली म्हणून फेरा करतच होता. मृगाच्या आदल्या दिवशी सकाळी दिघे मास्तरांनी टपालाचा गठ्ठा त्याच्यापुढं सरकवला. नवशा एकेक पत्र नाकाला लावून गावांप्रमाणं रचू लागला. तळाला एक लांब सरकारी पाकीट होतं. त्यानं ते वाचलं. परत वाचलं. 'श्री. नवशा सोमा सोनावळे, मु. पोशीर.' आयुष्यात त्याच्या नावाला कुणी 'श्री.' लावलं नव्हतं.

"मास्तर..." त्यानं पाकीट पुढं धरलं. "उघडू?"

"पत्र कुठं द्यायचं असतं?"

"पत्त्यावर."

"पत्ता कुठला आहे?"

"पोशीर."

"मग? पोशीर शेवटी येतं." मास्तर शिक्के मारू लागले. त्या मिशीआड काय होतं कोण जाणे.

काय तो दिवस! आतलं होय आहे की नाही आहे, ठाऊक नाही, आणि ते थैलीत घेऊन सात गावं हिंडायचं. पाकीट पाठीला लागलं की त्याचा हात थैलीकडं जाई. विठाबाईला सांगितलं तर ती चवताळलीच. "उघड की रं! नाव तुझं, थैली तुझी, मग?"

"नाय मावशे. दुसऱ्याचं पत्र मी वाटंत उघडतो का? मग ह्येबी नाय."

"मेल्या, तू टपालवाला शोभतोस," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

त्या दिवशी तो पुढं कुठंच टेकला नाही. भर दुपारी पोशीरच्या वस्तीत शिरला तेव्हा चंद्रभागा दारात निवडण घेऊन बसली होती. इरलं दिसलं मात्र, आणि चोवीस वर्षांच्या सवयीनं तिच्या तोंडून निघालंच, "आत ये रं, ऊन हाय!"

नवशा अंगणातच उभा राहिला, टळटळीत उन्हात, छाती काढून. "सोनावळे! टपाल!"

"अरं, हा काय चावटपणा?"

"तू भाईर ये, आये. टपाल दारात येऊन घ्यायचं असतं."

चंद्रभागा सूप बाजूला ठेवून उन्हात आली. त्यानं पाकीट तिच्या दोन्ही हातांत दिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ते तसंच फिरवून पाहिलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि परत त्याच्या हातात दिलं. त्यानं फाडलं, कागद नाकाला लावला. वाचता वाचता कागदाला पांढरं मलम लागलं.

"काय म्हणतात रं?"

"कायम म्हणतात, आये." त्यानं कागद वर सरकवला. "आणि शेवटी सायबानं हातानं लिवलंय. ह्या फेऱ्यावर हाच माणूस हवा, आणि मलम कसं करायचं त्ये कळवा."

चंद्रभागा मोठ्यानं रडली. रडता रडताच हसली. आख्खी वस्ती दारांत आली, कुणीतरी थाळी बडवायला लागलं, आणि "आत ये रं, ऊन हाय" म्हणून नक्कल करणारे जुने सवंगडी आज नवशाला उचलून घ्यायला धावले. नवशानं त्यांना हातानंच अडवलं. थैली चाचपली.

"थांबा रं. अजून दोन पत्रं राहिलीत, खालच्या आळीची."

"आधी जेव तरी," कुणी म्हणालं.

"टपाल आधी."

त्यानं इरलं सारखं केलं आणि उन्हात चालू लागला. चंद्रभागा अंगणातच उभी होती. तिनं तोंड उघडलं, तशी सगळी वस्ती कानोसा घेऊन थांबली, कारण आता काय हाक येणार ते सगळ्यांना पाठ होतं. चंद्रभागेनं तोंडाला हात लावला आणि जीव खाऊन ओरडली,

"मानंला लावलंस का रं?"